थेंब कुणाचा?

एप्रिल लागला की नागपुरात कशाखालीही पाणी दिसलं तरी कुणी दचकत नाही. कूलरच्या टाकीला गेल्या वर्षी लावलेलं डांबर सुटलेलं असतं, वरच्या मजल्यावरच्या एसीची नळी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकत असते. त्यामुळे आमच्या गाडीखाली रुपयाएवढा ओला डाग दिसला तेव्हा बायको म्हणाली, "कूलरचं असेल." मीही हो म्हणालो. कूलर दुसऱ्या मजल्यावर आणि तोही इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गाडी २००७ सालची. डाग चौथ्या दिवशीही त्याच जागी होता, म्हणून वाकून बोट लावलं. एसीचं पाणी असतं तर बोटावरून लगेच उडून गेलं असतं. हे बुळबुळलं. रंग हिरवट, वास गोडसर. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव! या गोडव्यातच खोट आहे. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीलाही गोड लागतं आणि असतं विष. पार्किंगमधली कुत्री दुपारी नेमकी याच गाडीखाली पसरते. आधी बादलीभर पाणी ओतून जागा धुतली, मग बोनेट उघडलं. कूलंटच्या डबीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेली होती.

त्या रात्री फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला. सकाळी थेंबाभोवती पेन्सिलनं गोल काढून तारीख टाकली. एवढं शास्त्रशुद्ध निदान केल्यावर माणूस दुरुस्तीला जाईल असं वाटतं ना? मी दीड महिना नुसता वरून ओतत राहिलो. दर आठ दिवसांनी कपभर, अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी नाही घातलं, तेवढी अक्कल होती. तापून तापून त्याचं जे पांढरं पुट भांड्याला धरतं, ते रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत धरलं तर संपलंच. शेजारचे काकाजी रोज विचारायचे, "हळद टाकली का?" ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय. हळदीचा गाळ चिरेशी जाऊन अडकतो आणि गळती थांबते, हे खरं. पण नको तिथेही तो अडकतो. हळद मी वरणातच ठेवली.

२५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. पारा ४५ वर. (नागपूरकराला ४५ सांगून उपयोग नसतो, तो २३ मे २०१३ चे ४७.९ तोंडावर फेकतो. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले तेव्हा आम्ही घामासकट छाती फुगवली होती. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता.) अजनी चौकात सिग्नलला उभा होतो आणि इतकी वर्षं मधोमध झोपलेली इंजिनच्या तापमानाची सुई उठून वर सरकायला लागली. मला पहिली आशा हीच, की सेन्सर बिघडला असेल.

नव्हता बिघडला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल्ल केला. नवतप्यात, नागपुरात, भर दुपारी हीटर! पण हीटर म्हणजे डॅशबोर्डामागचा छोटा रेडिएटरच. इंजिनचा थोडा ताप तो ओढून घेतो आणि आपल्या तोंडावर सोडतो. बाजूच्या मोपेडवर तोंडाला दुपट्टा बांधलेली मुलगी होती. माझ्या खिडकीतून आलेली झळ लागताच तिनं वळून पाहिलं, आणि गाडी हातभर पलीकडे घेतली. सुई मात्र दोन काड्या उतरली. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि एका निंबाखाली गाडी लावून इंजिन बंद केलं.

मग तासभर काहीच करायचं नाही, हे सर्वांत अवघड काम. कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण १०६-१०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणानं धरलेल्या दाबामुळे सव्वाशेच्या आसपासपर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि सगळं उकळून हातावर. घरी वाफ गेल्याशिवाय कुकरला हात न लावणारी माणसं रस्त्यावर मात्र "उघडून पाहा ना भाऊ" म्हणत फडकं पुढे करतात. एक जण तर तापल्या इंजिनवर ओतायला थंड पाण्याची बाटली घेऊन आला. ती मी पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, मानेवाड्याकडच्या मेकॅनिकनं आत टॉर्च मारला. वरचा होज पाइप रेडिएटरला बसतो तिथे पांढरट-हिरवी पापडी धरली होती, लोणच्याच्या बरणीच्या काठाला मीठ धरतं तशी. त्यानं ती नखानं खरवडली. "हे पाहा, इथून जाऊन राहिलं." क्लॅम्प ढिला, पाइपाचं तोंड कडक होऊन तडकलेलं, आणि झाकणाचं रबरही गेलेलं. तिन्ही बदलायचं ठरलं. "थर्मोस्टॅट काढून टाकू का? आपल्याकडे गरमीच आहे ना, काय काम त्याचं?" हे इथे बरेच जण सुचवतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. इंजिन लवकर तापावं आणि ठरल्या तापमानाला राहावं, हेच त्याचं काम. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, झिजतंही जास्त. राहू द्या म्हटलं.

झाकण बसवताना तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो भाऊ. आतापर्यंत दाबच बनत नव्हता. आता बनंन. जुनी गाडी आहे, इकडून बंद केलं का तिकडून काढते." मी हसलो आणि पैसे दिले.

पुठ्ठा आठ दिवस कोरडा होता. नवव्या दिवशी सकाळी, जुन्या गोलांपासून वीतभर अंतरावर, उडदाच्या दाण्याएवढा एक थेंब. बोट लावलं. बुळबुळीत.

खिशातून पेन्सिल काढत होतो, तेवढ्यात गॅलरीतून बायकोनं विचारलं, "काय आहे हो?"

"कूलरचं," म्हणालो आणि तारीख टाकली.