ड्रायरची वाफ घराबाहेर काढताना

मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात कपडे वाळवायला यंत्र कशाला हवे, असे आम्हाला अनेकांनी विचारले. वडील अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या चादरी आणि टॉवेल रोज धुवावे लागतात, आणि पावसाची झड लागली की जाड सोलापुरी चादर दोन-दोन दिवस ओलसर राहते. तशी चादर त्यांच्या पाठीखाली घालणे मला मान्य नव्हते, म्हणून जुळे सोलापुरातील आमच्या फ्लॅटमध्ये ड्रायर आणला.

बसवणाऱ्याने त्याचा प्लास्टिकचा चुण्यांचा पाइप ड्राय बाल्कनीतच कपाटामागे सोडून दिला, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून आम्ही काचा लावून घेत असू. महिनाभरात भिंतीला पोपडे आले, कोपऱ्यात काळी बुरशी धरली, आणि तासाभरात वाळणाऱ्या चादरींना अडीच तास लागू लागले. असा ड्रायर हवा ओढून तापवतो, ती फिरत्या कपड्यांतून नेतो आणि ओलाव्यासह बाहेर फेकतो. ६ किलो सुती कपडे मशीनमध्ये पिळून निघाले तरी त्यांत सुमारे ३ लिटर पाणी उरते. ते सगळे आम्ही बंद बाल्कनीत सोडत होतो आणि तीच दमट हवा यंत्र पुन्हा आत घेत होते.

पाइप काढला तेव्हा चुण्याचुण्यांत टॉवेलच्या तंतूंचा बोटभर थर साचलेला होता. शेजारच्या काकांची हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली आहे. तो पुंजका पाहताच ते म्हणाले, "अहो, मागाखालची अशी रुई आम्ही रोज झाडून काढायचो. ठिणगी पडली तर भडकायला वेळ लागत नाही." जे वडील स्वतःहून उठू शकत नाहीत, त्यांच्या खोलीशेजारीच हे साचत होते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

सोसायटीची परवानगी घेऊन, तुळई आणि कॉलम टाळून, बाहेरच्या भिंतीला ४ इंची आरपार भोक पाडून घेतले. त्यातून आतून गुळगुळीत असा पत्र्याचा पाइप नेला, कारण चुण्या आणि प्रत्येक वळण हवेला अडवते आणि तिथेच तंतू अडकतात. सांध्यांना स्क्रू न मारता अॅल्युमिनियमची टेप लावली, कारण स्क्रूची आत आलेली टोके तंतू धरून ठेवतात. पाइपच्या तोंडाशी जाळीही बसवली नाही, ती याच कारणाने तुंबते. हवेच्या जोराने उघडणारी आणि एरवी बंद राहणारी झडप पुरते.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच घरातून ओढतो, आणि बंद जागेत शेजारी गॅस गिझर असेल तर त्याचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो. आमचा गिझर तिथेच होता. तो काढून विजेचा बसवला, आणि ड्रायर चालू असताना खिडकी चार बोटे उघडी ठेवतो.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल, तर वाफेचे पाणी करून टाकीत साठवणारा कंडेन्सर किंवा हीट पंप ड्रायर घ्यावा. त्याला पाइप लागत नाही, किंमत मात्र जास्त पडते. आमच्या चादरी आता पुन्हा तासाभरात वाळतात. तंतूंची चाळणी मी दर खेपेनंतर साफ करतो, आणि महिन्यातून एकदा प्लग काढून पाइप लांब ब्रशने आतून झाडतो.