बारा अधिक बारा बरोबर बारा

नाशिकच्या बिल्डर मंडळींना थ्री-डी वॉकथ्रू (घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ) करून देणं हा माझा धंदा. हत्यारं दोनच: ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर आणि आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड, 12 जीबी मेमरीवालं. फ्लॅटचं इंटिरिअर असेल तर हे कार्ड पुरून उरतं. पण एका बंगलो स्कीमचं काम आलं, 40 सेकंदांचा वॉकथ्रू, म्हणजे सेकंदाला 25 च्या हिशोबाने 1000 फ्रेम. इंटिरिअरची एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे तिचं चित्र तयार व्हायला, 6 मिनिटं 10 सेकंद लागत होती. हजार फ्रेम म्हणजे चार दिवस, चार रात्री मशीन अडकलेलं, आणि मध्येच कुणी 'सोफ्याचा रंग बदला' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

पर्याय दोन. आणखी एक 3060 जोडायचं, खर्च 26 हजार. नाहीतर आहे ते विकून जुनं 3090 घ्यायचं, त्याला 68 हजार. कागदावर दोन 3060 चे कुडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग) 7168, वीज 340 वॉट. 3090 चे कोअर 10496, वीज 350 वॉट. मेमरी इकडे 12 अधिक 12, तिकडे 24. मी मनातल्या मनात दुसऱ्या 3060 ची ऑर्डर देऊनही टाकली होती.

पैसे टाकण्याआधी मावसभावाचं 3060 उसनं आणलं. तो गेमर. म्हणाला, "दादा, दोन लावून उपयोग नाही, एसएलआय कधीच मेलं. आणि रविवारी रात्री परत पाहिजे." एसएलआय म्हणजे पट्टीने दोन कार्डं जोडून गेम चालवायची जुनी सोय. गेमपुरतं त्याचं खरंच आहे. 3060 ला जोडपट्टीची जागाच नाही. त्या पिढीतल्या घरगुती कार्डांत एनव्हीलिंक, म्हणजे ती जोडपट्टी, फक्त 3090 आणि 3090 टीआयला. पण सायकल्सला, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनला, ती पट्टी लागत नाही, दोन्ही कार्डांना काम तेच वाटून देतं.

माझ्या मदरबोर्डचा दुसरा स्लॉट दिसायला लांब, पण आत लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) चारच. रेंडरला त्याने फारसं बिघडलं नाही. बिघडवलं उष्णतेने. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीला चिकटलेले, त्यामुळे वरचं 83 अंशांवर आणि खालचं निवांत 68 वर. शेवटी कॅबिनेटचं दार काढलं आणि टेबलफॅन लावला. बायको म्हणाली, "आम्हाला उकडतं तेव्हा नाही सुचत हे." फ्रेम मात्र 3 मिनिटं 15 सेकंदांवर आली. जवळजवळ निम्मी!

मग बागेचा सीन उघडला. गुलमोहर, बोगनवेल, लॉन, सगळ्या पानांना 4के टेक्श्चर, म्हणजे वर चढवायची मोठाली चित्रं. आधी मशीन रांगायला लागलं, मग लाल अक्षरांत मेमरी संपल्याचा निरोप आला. 24 जीबी असताना? तर नाही. प्रत्येक कार्डाला अख्खा सीन स्वतःच्या मेमरीत लागतो. काम वाटलं जातं, सामान नाही. एकाच घराची दोन बिऱ्हाडं, प्रत्येकाला आपलं कपाट वेगळं. टेक्श्चर 2के केली, तरी गाडी अडलेलीच.

रविवारी कार्ड परत केलं आणि पुढच्या शनिवारी पंचवटीने मुंबई गाठली, दादरला उतरून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता, "साहेब, मायनिंगचं नाही." सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस राबवून चलन कमावणं, बंद झाल्यापासून बाजारात अशी साधी-भोळी कार्डं फार. मी अर्धा तास लोड टाकायला लावला आणि कोअरकडे न बघता मेमरीचं तापमान बघत बसलो. 3090 च्या निम्म्या मेमरी चिप पाठीमागे असतात, पंख्याचा वारा तिथे पोचत नाही. आकडा 104 वर गेला. तो दाखवल्यावर चार हजार उतरले. 64 हजारांत सौदा झाला.

घरी आल्यावर खरा खर्च कळला. 650 वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) रेंडर सुरू होताच फट्कन बंद पडायचा, कारण हे कार्ड क्षणभर 350 च्या बरंच वर उडी मारतं. 850 वॉटचा नवीन घेतला, साडेनऊ हजार. चिपची उष्णता ओढून घेणारे थर्मल पॅड बदलले, मेमरी 88 वर आली. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा, 80 टक्क्यांवर आणली तर फ्रेम 2:35 वरून 2:42 वर गेली, म्हणजे सात सेकंदांच्या बदल्यात 70 वॉट वाचले. 3060 कॉलेजच्या एका मुलाला 18 हजारांत दिलं.

बागेचा सीन पहिल्याच फटक्यात उघडला. मेमरी 17.6 जीबी. रात्रभर रेंडर चालू ठेवून सकाळी बिल्डरला पहिला तुकडा पाठवला. दुपारी त्यांचा फोन.

"छान झालंय हो. फक्त झाडं जरा कमी करा, बंगला दिसत नाहीये."

झाडं कमी केली. मेमरी बघितली: 10.9 जीबी.