आयाक्सच्या स्टेडियममधली बॅटरी

ॲमस्टरडॅमचं योहान क्रायफ अरीना म्हणजे आयाक्स या फुटबॉल क्लबचं घरचं मैदान. पर्यावरणपूरक स्टेडियमचा विषय निघाला की त्याच्या छपरावरची सुमारे ४,२०० सौर पॅनेलं हमखास दाखवली जातात. पण नुसत्या पॅनेलांवर फुटबॉलचं मैदान चालत नाही. डच लीग ऑगस्ट ते मे चालते. जून-जुलैत ऊन भरपूर असतं, तेव्हा लीगला सुट्टी. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि मोठे सामने असतात रात्री.

त्यामुळे माझ्या मते इथली सर्वांत मोलाची गोष्ट आहे २०१८ साली सुरू झालेली बॅटरी. ताकद ३ मेगावॉट, साठा २.८ मेगावॉट-तास, म्हणजे निसान लीफ या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या १४८ बॅटऱ्यांइतका. काही बॅटऱ्या नव्या, काही गाडीत वापरून झालेल्या. क्षमता ७०-८० टक्क्यांवर आली की गाडीचा पल्ला घटतो, पण एका जागी ठेवलेल्या बॅटरीला वजनाची फिकीर नसते, तिथे ती आणखी कित्येक वर्षं कामाला येते. अडचण अशी की जुने सेल सारखे झिजत नाहीत. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडले की सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि इतरांत चार्ज शिल्लक असूनही सगळी साखळी तिथेच थांबवावी लागते. म्हणून जुनी मॉड्यूल (सेलांचे जुडगे) आधी तपासायची, उरलेली क्षमता मोजायची आणि जवळपास सारखी असलेलीच एकत्र बसवायची. इथे घाई केली की पुढे साठा कागदावरच राहतो.

आता हिशेब. पूर्ण ताकदीने वापरली तर ही बॅटरी ५६ मिनिटांत संपते. सामना त्याहून लांब चालतो. तेव्हा तिचं काम सगळा भार एकटीने उचलण्याचं नाही. मागणी एकदम चढते तेव्हा वरचा भार उचलून ती मागणीचं टोक कापते आणि ग्रिडची वीज गेली तर लगेच पुरवठा हाती घेते. डिझेल जनित्राला सुरू व्हायलाच काही सेकंद लागतात, शिवाय धूर वेगळाच.

सामना नसलेल्या दिवशी ती ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तनं, ५० हर्ट्झवर राहायला मदत करते: फ्रिक्वेन्सी वाढली की वीज घ्यायची, घसरली की द्यायची. दोन्ही जमायला ती साधारण अर्धी भरलेली हवी, आणि सामन्याआधी मात्र जवळपास पूर्ण. ही अदलाबदल वेळापत्रक पाहून आधीच आखावी लागते. सगळी कसरत इथेच आहे.

पाण्याचं सोपं आहे. छपरावरचं पावसाचं पाणी साठवून हिरवळीला देतात आणि थंडाव्यासाठी जवळच्या आउडरकर्कर प्लास तलावाचं खोलवरचं गार पाणी वापरतात.

हिरवळ मात्र चिवट प्रश्न. १९९६ साली स्टेडियम उघडल्यावर सुरुवातीच्या वर्षांत ती पुन्हा पुन्हा बदलावी लागली, कारण उंच स्टँड आणि छपरामुळे ऊन आणि वारा दोन्ही अडतात. हिवाळ्यात गवतावर दिवे लावावे लागतात, आणि त्यांचं वीजबिल नेमकं पॅनेलं सर्वांत कमी वीज देतात त्याच महिन्यांत चढतं.