घोडबंदर ते हॅवलॉक

आज ठाणे स्टेशनहून घोडबंदर रोडवरच्या घरी यायला पावणेदोन तास लागले. मानपाड्याला तर बसच्या ड्रायव्हरने सरळ इंजिनच बंद केलं. घरात पाऊल टाकतोय तोच आई वही उघडून तयार, "अंदमानचं काय ते आज ठरव."

श्री विजयपुरमला, म्हणजे आपल्या पोर्ट ब्लेअरला, विमानानेच जायचं. चेन्नईहून जहाजाला तीन दिवस लागतात, तेवढी रजा कोण देतो? पुढे स्वराज द्वीप, जुनं हॅवलॉक. खासगी बोट दीडेक तासात पोचवते, पण एसीत, काचेआड बसून. सरकारी फेरीला अडीच तास, पण डेकवर उभं राहता येतं. आईला डेकच हवाय. (बोट लागते ती मला, तिला काय!)

बेटावर रिक्षा, मोजक्या बस, नाहीतर भाड्याची स्कूटर. जेट्टीपासून राधानगर किनारा साधारण 12 किलोमीटर.

"वाटेत सिग्नल किती?" आईचा प्रश्न.

मग तिने वहीत लिहिलं : ओव्याची पुडी, लायसन्स, स्कूटर. आणि 'स्कूटर'खाली दोन रेघा ओढल्या.