मेंदू नसलेल्या जीवाची आवडनिवड

समुद्रकाकडी म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीसारखा लांबट प्राणी; तिच्या पिल्लांची आवडनिवड कशी ओळखतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी प्राणिशास्त्र शिकवते हे ठाऊक असलेली वडोदऱ्यातली आमची नातेवाईक मंडळी दांडिया बाजारातल्या घरी आली की हमखास विचारतात: समुद्रकाकडीला ना मेंदू ना डोळे, मग तिच्या पिल्लांना कोणता आडोसा आवडतो हे पाळणाऱ्यांना कळते तरी कसे?

मेंदू नसला तरी तिच्या तोंडाभोवती मज्जातंतूंचे कडे असते, त्यातून पाच मुख्य मज्जातंतू शरीरभर जातात आणि त्वचेला उजेड जाणवतो. कच्छच्या आखातात नरारा येथे ओहोटीच्या वेळी वाटाड्याने एक दगड अलगद उचलला, तेव्हा खालची समुद्रकाकडी आखडून दगडाला अधिकच चिकटली होती. त्याने दगड होता तसाच परत ठेवला, हे मला फार आवडले.

चीनच्या शानडोंग आणि ल्याओनिंग प्रांतांत जपानी काटेरी समुद्रकाकडी मोठ्या प्रमाणावर पाळतात. पाण्यात तरंगणाऱ्या तिच्या अळ्या पृष्ठभागावर बसण्याच्या बेतात आल्या की टाकीत प्लास्टिकचे पन्हळी पत्रे सोडतात आणि पुढे तलावात दगड, कौले, जाळ्या टाकतात. आता काळ्या पत्र्याखाली जास्त पिल्ले सापडली, तर त्यांना काळोख आवडला, की पत्र्यावर धरलेली डायटमांची (सूक्ष्म शैवालांची) साय, की नलिकापादांनी (नळीसारख्या इवल्या पायांनी) घट्ट धरता येणारा खडबडीतपणा, की पाण्याच्या झोतापासून दूर असलेला टाकीचा तो कोपराच? हे वेगळे काढल्याशिवाय ‘आवड’ हा शब्द वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी साय न धरलेले कोरे आडोसे घ्यावे लागतात, त्यांच्या जागा बदलाव्या लागतात, आणि मोजणी दिवसा व रात्री अशी दोन्ही वेळा करावी लागते, कारण दिवसा दडलेली पिल्ले अंधार पडल्यावर चरायला बाहेर येतात. पिल्ले फार दाट सोडली, तर पसंतीची जागा भरून गेल्यामुळेही काही जण दुसरीकडे गेलेले असतात.

शिवाय जात बदलली की उत्तर बदलते. तमिळनाडूतल्या तुतिकोरीनला 1988 मध्ये जिचे बीज (म्हणजे पाळण्यासाठीची पिल्ले) टाकीत तयार झाले, त्या होलोथुरिया स्काब्रा जातीची पिल्ले आधी कडक पृष्ठभागावर किंवा समुद्री गवताच्या पात्यांवर राहतात आणि सुमारे 1 सेंटिमीटरची झाली की वाळूत पुरून घेऊ लागतात. त्या वयानंतर त्यांच्यापुढे पत्र्यांचे प्रकार मांडण्याऐवजी वाळू किती बारीक आणि किती खोल हवी, हेच तपासावे लागते.