वाड्यातलं माजघर : उजेड, आवाज आणि झोपाळा – कामाची नोंद

वडोदऱ्यात दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या जुन्या वाड्यांची ठेवण आपल्या मंडळींना माहीत आहे: पुढे ओटा, मग बैठक, मधे माजघर, मागे चौक. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक, त्यामुळे माजघराला खिडकी काढायला जागाच उरत नाही. ही नोंद अशाच एका खोलीची. रुंदी १० फूट, खोली १४ फूट, वर सागाच्या तुळया, त्यांची उंची १० फूट, खाली कोटा फरशी. दार उत्तरेला चौकाकडे.

अशा खोलीत सकाळी सातला जी ट्यूबलाइट लागते, तीच रात्री अकराला विझते. घरातली माणसं दिवसा मलूल आणि रात्री टक्क जागी, याचं मोठं कारण आमच्या मते हेच. रंग कुठला लावायचा, पडदे कसले घ्यायचे, हे प्रश्न नंतरचे. आधी खोलीला दिवस आणि रात्र परत मिळायला हवी. सगळं काम याच हिशोबाने चाललं आहे.

उजेड

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी पाहण्यासाठी नसतात, शरीराचं घड्याळ लावण्यासाठी असतात. साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. संशोधकांनी २०२२ मध्ये सुचवलेली पातळी अशी: दिवसा डोळ्यांच्या उंचीवर किमान २५० मेलॅनोपिक लक्स, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत १. हे माप निळ्या भागाला जास्त वजन देतं, त्यामुळे मोबाइलवरच्या साध्या लक्सच्या (उजेडाच्या नेहमीच्या मापाच्या) आकड्याशी ते तंतोतंत जुळत नाही, पण अंदाजाला मोबाइल पुरतो. काम सुरू होण्याआधी भर दुपारी खोलीच्या मधोमध ३५ लक्स होते. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर दहा हजारांच्या आसपास असतात.

दार रुंद करण्यापेक्षा उजेडाची वाट उंच करणं जास्त फायद्याचं. उघडीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट खोलवर कामाचा उजेड पोचतो. दार सहा फुटी, म्हणजे बारा फुटांपुढे अंधार. म्हणून दारावर ३ फूट रुंद, १५ इंच उंच झरोका काढला. त्याची वरची कड साडेआठ फुटांवर आली आणि मागच्या भिंतीपर्यंत उजेड गेला. मधोमध आता दुपारी ११० च्या पुढे आकडा दिसतो.

झरोका फोडताना वरच्या भिंतीला आधी टेकू द्यायचे, मगच हातोडा. नव्या सागाच्या तुळईला दोन्ही बाजूंना किमान ६ इंच टेक हवी. इथे कडिये (गवंडी) घाई करतात आणि तीन-चार इंचांवर भागवतात. मग पावसाळ्यात झरोक्याच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. खालची कड आतल्या बाजूला ४५ अंशांत उतरती ठेवली आणि पांढरी केली. सपाट कडेवर उजेड अडून बसतो, उतरतीवरून तो घरंगळत खाली येतो.

दुसरा अर्धा उजेड समोरच्या भिंतीचा. वडोदरा साधारण २२.३ अंश उत्तरेला. जूनमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा फक्त ४४ अंशांपर्यंत चढतो. अरुंद चौकात हिवाळ्याचं ऊन तळाला पोचतच नाही, ते दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या वरच्या भागावर पडतं. आपल्या दारासमोर नेमकी तीच भिंत आहे. ती पांढरी केली की ती परतवलेला उजेड झरोक्यातून आत येतो. ऑइल पेंटचा पांढरा चकाकतो आणि डोळ्याला टोचतो, म्हणून चुनाच.

चुन्याचं प्रमाण: १ किलो कळीचा चुना, ५ लिटर पाणी. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून उडतो आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. २४ तास मुरल्यावर जाड कापडातून गाळायचा, १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा, आणि नीळ चुन्याच्या किलोमागे ३ ग्रॅमच्या वर नाही. भिंतीवरचं जुनं डिस्टेंपर खरवडून काढलं नाही तर चुना महिन्याभरात पापुद्र्यांनी सुटतो. भिंत आधी ओली करायची आणि तीन पातळ हात द्यायचे. पहिला हात ओला असताना जवळपास पारदर्शक दिसतो, म्हणून लोक घाबरून दुसरा जाड देतात आणि मग तो हाताला पांढरा लागतो. धीर धरायचा. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच तो पांढरा आणि कडक होतो, आणि त्यासाठी थोडी ओल लागते. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी हात द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हलका फवारा मारावा.

रात्रीसाठी ट्यूबलाइट काढलेली नाही, तिचं बटण वेगळं केलं आहे. नेहमीच्या बटणावर २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, ४-५ वॅटचे दोन दिवे, तेही डोळ्यांच्या खाली, कोनाड्यात. स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तो घेण्याआधी मोबाइलचा कॅमेरा समोर धरा: काळे पट्टे सरकताना दिसले तर परत करा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा नको. पात्यांची सावली सगळ्या खोलीत फडफडते, आणि डोकं का दुखतंय ते कुणाला कळत नाही.

आवाज

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बाहेरचा आवाज आत येणं आणि आतला आवाज घुमणं. गोधडी टांगून रस्त्यावरची बाइक थांबत नाही. त्यासाठी वजनदार दार आणि फटींना रबरी पट्टी हवी. बैठकीच्या दाराखालची अर्ध्या इंचाची फट बंद केल्यावरच फरक जाणवला.

घुमणं मात्र गोधडीने कमी होतं. खोलीचं आकारमान साधारण ४० घनमीटर. कोटा, चुन्याची भिंत, वर लाकूड, हे सगळं मिळून आवाज शोषणारं क्षेत्र जेमतेम ३ चौरस मीटर भरतं. ०.१६१ गुणिले ४० भागिले ३, म्हणजे आवाज विरायला दोन सेकंदांहून जास्त. चारजण एकदम बोलले की सगळेच आवाज चढवतात आणि साध्या बोलण्याचं भांडण वाटायला लागतं. लांबीच्या एका भिंतीवर भिंतीपासून दोन इंच सोडून ६ चौरस मीटर जाड गोधड्या लावल्या, तर हा वेळ जवळपास अर्धा होतो. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर लावायची गरज नाही. टाळी वाजवून बघा: टर्रर्र असा कंप नाहीसा झाला की काम झालं.

झोपाळा

या खोलीचं मन म्हणजे झोपाळा. जिनिव्हा विद्यापीठात २०११ आणि २०१९ मध्ये झालेल्या प्रयोगांत पलंग चार सेकंदांना एक हेलकावा या गतीने हलवला तेव्हा माणसं लवकर झोपी गेली. चार सेकंदांसाठी साखळी जवळपास १३ फूट हवी. आपल्या १० फुटी छताखाली, पाट १८ इंचांवर ठेवला तर साडेआठ फूट मिळतात आणि हेलकावा ३.२ सेकंदांचा होतो. पुरेसा संथ. सहा फुटांच्या लोखंडी स्टँडवरचे झोपाळे त्रासदायक का वाटतात, त्याचं उत्तर यातच आहे.

चारही साखळ्या शेवटपर्यंत वेगळ्या आणि समांतर ठेवल्या आहेत, पुढच्या दोन एका तुळईला, मागच्या दोन दुसऱ्या. दोन साखळ्या वर एकाच कडीत जोडल्या की झोका घेताना पाट कलतो. समांतर साखळ्यांवर तो कायम समतल राहतो आणि आजी-आजोबांना पाय टेकून उठता येतं. मात्र पाटाची रुंदी तुळयांमधल्या अंतराइतकीच हवी. इथे २४ इंच आहे, म्हणून सुताराकडून पाट ५ फूट बाय २ फूट करून घेतला, दीड इंच जाडीचा.

वजनाचा हिशोब: दोन मोठी माणसं, पाट आणि पितळी साखळ्या मिळून १७५ किलो. ४५ अंशांपर्यंत झोका गेला तर तळाशी ताण १.५९ पट, म्हणजे सुमारे २८० किलो. चौपट सुरक्षितता धरली तर ११२० किलो. चारही साखळ्या सारख्या ताणल्या जात नाहीत, दोनच भार घेतील असं मानायचं. म्हणून प्रत्येक कडी ५६० किलोची. तुळईला खालून भोक पाडून हुक ठोकू नये. तुळईचा खालचा भाग ताणाखाली असतो आणि भोक नेमकं तिथेच पडतं. ६ मिमी जाड, ४० मिमी रुंद लोखंडी पट्टी तुळईला वरून वेढून खाली कडी घेतली आहे, भिंतीपासून अडीच फुटांवर. त्याआधी तुळई टोकाटोकाने ठोकून पाहिली: वाळवी लागलेली जागा पोकळ वाजते आणि स्क्रूड्रायव्हर आत जातो.

झोका २० अंशांचा धरला तर पुढे-मागे तीन-तीन फूट लागतात. पाटाची रुंदी आणि पुढे पाय मिळून साडेनऊ फूट. १४ फुटांत हे बसतं, आणि येण्या-जाण्याची वाट झोपाळ्याच्या कडेने अडीच फुटांची राहते, त्याच्या समोरून नाही. लहान मुलांच्या घरात हे आधी बघा.

कडीची कुरकुर तेलाने तात्पुरती जाते, मग धूळ धरून काळा मळ साखळीवरून पाटावर उतरतो. सुटे भाग पुसून मेणबत्ती घासली आणि कडी-हुकाच्या मधे नायलॉनची बुश बसवली, तेव्हा आवाज थांबला.

राहिलेलं: झरोक्याला दोरीने उघडणारी झडप अजून व्हायची आहे, तोवर एप्रिलची गरम हवा वर साचून राहते. सामाईक भिंतीच्या तळाशी लोणा फुटलाय. तिथलं सिमेंटचं प्लास्टर दोन फूट उंचीपर्यंत काढून चुन्याचं करायचं ठरलंय, कारण सिमेंट ओल अडवतं आणि ती वर चढते. ते काम पावसाळा संपून भिंत सुकल्यावर घेऊ. झोपाळ्याच्या मागच्या दोन कड्यांचे बोल्ट तेव्हा पुन्हा आवळून बघायचे आहेत.