मेन स्विच बंद, तरी मीटर चालूच

जिन्यातल्या दोन ट्यूबचं बिल माझी भाडेकरू भरत होती. हे कळलं त्याला आता चार महिने झाले, तरी माझा राग गेलेला नाही.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमचा सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. दोन कुटुंबं उन्हाळा संपता संपता सोडून गेली. मागच्या सप्टेंबरात आलेल्या मुलीनेही मे महिन्यात फोन केला, "काकू, घर चांगलं आहे, पण बिल झेपत नाही हो." माझा भाचा इंग्लंडला असतो. तिथे २०१८ पासून ऊर्जा दाखल्यात 'ई'पेक्षा खालची श्रेणी आली, तर ते घर नव्या भाडेकरूला सहसा देताच येत नाही. आपल्याकडे घरमालकाला असा दाखला कोणी मागत नाही. पण मनात आलं, आपणच तपासून घेऊ.

ऊर्जा दक्षता ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेची परीक्षा पास झालेले, वीज कुठे किती जाते ते तपासणारे ऑडिटर असतात. मी फोन केले ते बुटीबोरी नि हिंगण्याच्या कारखान्यांची कामं करणारे निघाले. चौथे गृहस्थ साडेतीन हजारांत यायला तयार झाले. बोलवायचं तर दुपारी तीनला बोलवा, सकाळी स्लॅब तापलेला नसतो. आमचं छत आतून ४२ अंश भरलं, नवतपाच होता, मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस. गच्चीला पांढरा रंग आणि जुन्या ७५ वॉटच्या पंख्यांऐवजी कमी वीज खाणाऱ्या मोटरचे ३० वॉटचे बीएलडीसी पंखे, हे त्यांनी सांगितलं नि मी केलं.

जाता जाता त्यांनी फ्लॅटचा मेन स्विच पाडला आणि मला जिन्याखालच्या मीटरपाशी नेलं. मीटरवरचा लाल दिवा थांबायला हवा होता. तो लुकलुकतच होता. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सहा वेळा. मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला होता, म्हणजे दिवा इतक्यांदा लुकलुकला की एक युनिट. त्यांनी तिथेच हिशेब मांडला: दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८१. घरात काहीही चालू नसताना! आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे दर चढत जातो, त्यामुळे ही ८१ युनिटं तिला तिच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने पडत होती.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने वायर शोधली. "मॅडम, जिन्याचा लाइट तुमच्या मीटरवरून चालून राह्यला ना." बिल्डरच्या वेळचा जोड, चोकवाल्या दोन जुन्या ट्यूब, रात्रंदिवस चालू.

मला वाटलं, आठवड्यात वायर सोसायटीच्या मीटरवर जाईल. नऊ आठवडे लागले. गच्चीच्या रंगाला सेक्रेटरींनी फोनवरच हो म्हटलं होतं, खर्च माझा होता ना. वायरचं म्हटल्यावर "लेखी द्या." दिलं. "मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंगला पुरेसे सभासद आले नाहीत, पुढची तीन आठवड्यांनी. मग "लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं पत्र आणा." तेही आणलं. (ही मागणी योग्यच होती, पण पहिल्याच दिवशी सांगायची.) त्यानंतर ऐकवलं, "वहिनी, वायर तर पहिल्यापासूनच आहे, तुम्ही आत्ताच का बोलून राह्यल्या?" त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी कळलं नाही म्हणून आधी बोलले नाही, एवढंच माझं उत्तर होतं. इकडे मुलीचं बिल येतच होतं.

जुलैच्या मीटिंगला मी कागद नेलेच नाहीत. फ्लॅटचा मेन स्विच पाडून ठेवला आणि सगळ्यांना मीटरपाशी चला म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना जिन्याचं बटण बंद करायला सांगितलं. त्यांनी केलं आणि लाल दिवा थांबला. पुन्हा चालू केलं, पुन्हा लुकलुकायला लागला. आजोबाच म्हणाले, "अरे, हे तर आपलं बिल आहे!" दोन दिवसांत काम झालं. चाळीस मिनिटं लागली.

तुमच्याकडे असं निघालं तर पहिल्याच दिवशी असं सगळ्यांना दाखवा, व्हिडिओही काढून ठेवा. मीटरच्या सीलला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका. आमचा जोड मीटर आणि मेन स्विच यांच्यामधल्या वायरवर होता, म्हणून सीलपर्यंत जावंच लागलं नाही. आणि नवा भाडेकरू येण्याआधी, घर रिकामं असतानाच मेन स्विच पाडून बघा. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

मागचे पैसे द्यायला सोसायटीने नकार दिला. मुलीचे अकरा महिन्यांचे ८९१ युनिटांचे पैसे मी भाड्यातून वळते केले. आधीच्या दोन कुटुंबांपैकी एकाला फोन करून सगळं सांगितलं नि पैसे पाठवले. दुसऱ्यांचा नंबर आता लागत नाही.